व्हर्लाच्या दुकानातल्या बंदुका

हॅलो?

हो, व्हर्लाचंच दुकान… हो, मीच… नाही, थांबा. तुम्ही बोलायच्या आधी मी बोलणार. सकाळपासून तुमच्या दारांच्या कारखान्यातून दोनदा फोन आला, हा तिसरा. तेव्हा कान उघडे ठेवून ऐका. तुमचं फाटक रस्त्याच्या त्या बाजूला. माझं केस कापायचं दुकान या बाजूला. तुमचा नियम तुमच्या कुंपणाच्या आत. माझ्या दुकानात मी बंदुका ठेवीन नाहीतर हत्ती बांधीन, तुमच्या साहेबाच्या…

काय?

कोण?

अगं, कोलीन. तू होय.

मग आधी बोलायचं नाही का… बरं, मी बोलू दिलं नाही. खरंय. माझं डोकंच ठिकाणावर नाहीये आज… तुझा आवाज का असा? सर्दी झालीय?… थांब हं जरा. ओपल, मान वर नको करू, औषध डोळ्यांत जाईल. माझी भाची आहे फोनवर… हो, तीच, म्हाताऱ्यांच्या आश्रमात नर्स आहे ती… ओपल विचारतेय तुला, बरी आहेस ना.

हं, बोल.

नाही, आधी माझं ऐक, नाहीतर माझं डोकं फुटेल. त्या नव्या साहेबाची कोण ती बाई, आवाज असा की साखरेत घोळलेला. म्हणते, मॅडम, आमच्या कामगारांची हत्यारं तुम्ही साठवून ठेवता अशी तक्रार आहे. मी म्हटलं, साठवते? बाई, तुम्हीच त्यांना गाडीत ठेवू देत नाही म्हणून ती माझ्याकडे आली. मी काय जाहिरात दिली होती का, केसांना रंग लावा आणि सोबत बंदूक सांभाळून मिळेल?

हो, हो… अगं ऐक ना.

म्हातारे मालक होते तेव्हा हरणाच्या शिकारीच्या मोसमाच्या पहिल्या सोमवारी कारखाना बंदच असायचा. आठवतं ना तुला? स्वतः नारिंगी टोपी घालून पुढे. सगळ्यांत मोठी शिंगं आणणाऱ्याला डुकराच्या मांडीचा अख्खा हॅम बक्षीस. तुझ्या बाबाने दोनदा आणला होता. आणि आता हे दक्षिणेतून आलेले शहाणे. मोसम असो, नसो, पाळी भरा म्हणतात. भरतात बिचारे. तीनला सुटतात, अंधार पडायच्या आत जेमतेम दोन तास जंगलात मिळतात. घरी जाऊन बंदूक आणायची म्हटलं तर रात्र. म्हणून ती गाडीत हवी. आणि गाडीत चालत नाही, का, तर पार्किंगही कारखान्याचंच. कुलूप लावलेल्या गाडीत, सीटच्या मागे, रिकामी बंदूक, तरी नाही. पलीकडे वेस्ट व्हर्जिनियात कायदा आहे म्हणे, गाडीत बंद असेल तर मालकाने तोंड घालायचं नाही. आपल्या पेनसिल्व्हेनियात नाही. आपल्याकडे मालक म्हणेल ते खरं.

मग राहिली कोण? व्हर्ला. कामावर जाताना इथे ठेवा, सुटलात की इथून घ्या. माझे ड्रायर आहेत ना ओळीने, त्यांच्या मागे ओळीने रायफली. प्रत्येकीला केसांचा वेगळ्या रंगाचा रोलर बांधलाय, म्हणजे अदलाबदल नको. आणि गोळ्या वेगळ्या, सिंकखाली, बिस्किटांच्या डब्यांत, डब्यावर नाव. रायफल उघडून दाखवल्याशिवाय मी आत घेत नाही. त्यांच्या पहारेकऱ्यांपेक्षा माझा कारभार बरा आहे, हे त्या बाईला…

काय गं, सारखी मध्ये मध्ये?

गार्थचं? गार्थचं काय?

काढलं म्हणजे?

कामावरून काढलं? तुझ्या नवऱ्याला? आपल्या गार्थला?

आज? कधी?… सकाळच्या सुट्टीनंतर. आणि तू हे मला आत्ता सांगतेस… हो बाई, मी बोलू देईन तेव्हा ना. बरं. गप्प बसते. सांग.

हं.

हं… गाड्या तपासल्या. कुत्रं आणून. कसलं कुत्रं?… दारूगोळ्याचा वास घेणारं. आता कुत्रीसुद्धा पगारावर ठेवलीत का यांनी? बरं, बरं, पुढे.

अगं पण त्याच्या गाडीत असणारच काय? त्याची रायफल तर माझ्याकडे होती. मीच घेतली सकाळी त्याच्या हातून. गुलाबी रोलर. आमच्या बाबांची रायफल ती, तुमच्या लग्नात मीच म्हटलं होतं, घरातल्याच माणसाकडे राहू दे… हो, मग सापडलं काय?

काडतूस.

किती?

एक.

एक काडतूस… सीटखाली, पत्र्याच्या फटीत. कधीचं?… गेल्या वर्षी तर तो शिकारीला गेलाच नव्हता. मग त्याच्याही आधीचं. म्हणजे तिथे पडून गंजलेलं. अगं माझ्या गाडीच्या सीटखाली बघ, माझ्या नवऱ्याच्या वेळची दोन-चार निघतील, त्याला जाऊन किती वर्षं झाली. या गावात अशी गाडीच नाही जिच्यात काडतूस घरंगळलेलं नाही. पाळण्यात पडलेली सापडतात आपल्याकडे.

आणि त्यासाठी काढलं.

चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. कोलीन, त्या पार्किंगमध्ये निम्म्या लोकांच्या सीटखाली भरलेली पिस्तुलं आहेत. मला माहीत आहे, कारण त्यांच्या बायका माझ्या खुर्चीत बसून सांगतात. पण तपासणी कधी आहे ते त्यांना आधी कळतं, त्या दिवशी ते बायकोची गाडी घेऊन येतात. आणि जो माणूस नियम पाळायला पहाटे थंडीत माझं दार वाजवतो, रायफल उघडून दाखवतो, डबा मोजून देतो, त्याला हाकलला. एका गंजक्या काडतुसासाठी.

नाही, मी ओरडत नाहीये. ओपल, मी ओरडतेय का?… ओपल म्हणते, ओरडतेय.

हे बघ, भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. यांच्या दुसऱ्या कुठल्या कारखान्यात कोणी गोळ्या चालवल्या, माणसं गेली. वाईट झालं. आत यंत्रांपाशी बंदूक नकोच, मीही म्हणते. पण भ्यायचं तर माणसाकडे बघून भ्या ना. हा काय करणारा माणूस आहे? गार्थ माशी मारताना आधी तिची माफी मागेल.

दोन पहारेकरी? दोन बाजूंना दोन?… सगळ्यांसमोर. अख्ख्या पाळीसमोर, यंत्रं थांबवून.

लग्नाच्या आधीपासून आहे गं तो तिथे. या गावातल्या निम्म्या घरांची दारं त्याने जोडलीत. माझ्या दुकानाचं हे दारसुद्धा.

आणि सामान?… खोक्यात भरून हातात दिलं. थर्मास… हातमोजे… तुमच्या हॅटीचा शाळेतला फोटो… आणि काय?

परत सांग.

काडतूस परत दिलं?

प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. खाजगी मालमत्ता आहे म्हणून. सही घेऊन.

अरे देवा. म्हणजे ज्याच्यापायी माणूस धोकादायक ठरला, तेच त्याच्या हातात दिलं, धन्यवाद म्हणून बाहेर काढलं. ओपल, ऐकलंस का, गार्थला काढला, आणि ज्या काडतुसासाठी काढला ते पिशवीत घालून त्याला परत दिलं… हो, सही घेऊन. ही अशी डोकी. हसावं की रडावं कळत नाही. मी तर हसतेच.

तू रडतेस होय. अगं रडतेस कशाला, नोकरी गेली, हातपाय नाही गेले. लाकडाच्या वखारीत माझ्या ओळखीचा आहे एक, उद्या सकाळी मी स्वतः… काय?

त्याची रायफल? ती काय?

नाही, माझ्याकडे नाहीये आता. घेऊन गेला की तो. मघाशीच आला होता. ओपलच्या डोक्याला पहिला हात लावत होते मी तेव्हा.

हो, मी दिली. देणार नाही तर काय, त्याचीच आहे.

कोलीन?

हॅलो? अगं बोल ना.

मागच्या दाराने आला. बूट पुसून, नेहमीसारखाच. म्हणाला, आत्या, माझी द्या. मला वाटलं लवकर सोडलं असेल, मोसम आहे, या दिवसांत लवकर सुटलेल्या माणसाला कोण विचारतं का सुटला म्हणून. मी आपली चेष्टा केली, काय जावईबापू, आज साहेबांना दया आली वाटतं. तो हो म्हणाला. एवढंच. गुलाबी रोलर सोडला, माझ्या हातात दिला आणि…

थांब.

थांब गं. मला आठवू दे.

त्याच्या अंगात नारिंगी जाकीट नव्हतं.

नव्हतं, कोलीन. टोपीसुद्धा नव्हती. कामावरचा निळा शर्ट होता, आणि बाहेर बर्फ आहे. या दिवसांत हरीण समजून कोणी गोळी घालेल म्हणून नारिंगी घातल्याशिवाय आपल्याकडे माणूस कचरा टाकायला झाडीपर्यंत जात नाही, आणि हा… आणि मी ते पाहिलं. पाहिलं आणि माझ्या डोक्यात काही आलं नाही, मी त्या साखरबाईला मनात शिव्या देत होते.

आणि डबा. त्याने गोळ्यांचा डबा मागितला नाही. मी मागून हाक मारली, अरे डबा राहिला तुझा. त्याने वळून बघितलं नाही. मी म्हटलं, विसरभोळा. येईल परत.

तो विसरला नव्हता. त्याच्याकडे एक होतंच.

नाही, तू नको बोलूस ते. मला कळलं. मला कळलं तू का विचारतेस. गेल्या हिवाळ्यात, त्याचा भाऊ गेल्यावर, तू त्याला ज्या इस्पितळात नेलं होतंस… हो. मी कोणाला नाही सांगितलं, ओपलसुद्धा आत्ताच ऐकतेय. मला वाटलं तो बरा झाला. तो हसायला लागला होता गं. म्हणून तर या वर्षी मी म्हटलं, रायफल काढ, जा जंगलात, मोकळी हवा खा. मीच म्हटलं.

बरं. बरं. ते नंतर. काय म्हणाला तो तुला? फोन आला होता?… निरोप ठेवलाय. काय निरोप?

हॅटीला शाळेतून तू घे. बरं.

घर तापवायच्या भट्टीतली जाळी साफ केलीय. बरं.

कुत्र्याचं खाणं वरच्या फळीवर… आणि?

आणि माफ कर.

हरामखोर. नाही, त्याला नाही म्हणत. त्यालाही म्हणते. सगळ्यांनाच. फोन उचलत नाही का तो?… वाजतो आणि बंद होतो. म्हणजे बंद केला नाहीये अजून. हे चांगलं आहे. कोलीन, ऐक, हे चांगलं आहे.

पोलिसांना कळवलंस?… कळवलंस. शाबास पोरी. काय म्हणाले?… जवळची गाडी टेकडीपलीकडे अपघातावर आहे. येऊ देत त्यांना यायचं तेव्हा. मी त्यांची वाट बघत खुर्चीत बसणार नाहीये.

तू कुठे आहेस आत्ता?… गाडीत. चालवतेस आणि फोनवर बोलतेस? स्पीकरवर ठेव आणि समोर बघ. आता तुझं काही झालं तर मी कोणाकोणाला सांभाळू. हळू ये. पण ये.

ओपल, ऊठ. पुढच्या खिडकीत जा. रस्त्यापलीकडे पार्किंगमध्ये गार्थची हिरवी पिकअप दिसते का बघ… असू देत डोक्याला रोलर, कोण बघतंय तुझ्याकडे… नाहीये? नीट बघ… नाहीये म्हणते ती.

कोलीन, एक विचारते, रागावू नकोस. साहेबाकडे तर गेला नसेल?… नाही. मलाही नाही वाटत. मलाही तुझ्यासारखंच वाटतं. त्याला कोणाचं काही करायचं नाहीये. तेच तर… त्यांचं काही करायचं असतं तर मला एवढी भीती वाटली नसती, असं बोलू नये, पण खरंच सांगते. राग असता तर बरं झालं असतं. त्याला रागच येत नाही. रागावायचं काम आपल्या घरात मीच करते सगळ्यांच्या वाटणीचं.

थांब, मी मागच्या दाराकडे जाते. दार उघडते… बर्फ पडलंय… चाकांचे माग आहेत. आत आलेले आहेत. बाहेर गेलेले…

बाहेर गेलेले नाहीत.

कोलीन, तो इथेच आहे.

अक्रोडाच्या झाडाखाली, गॅसच्या टाकीपलीकडे. हिरवी पिकअप. इंजिन चालू आहे, धूर दिसतोय. काचांवर आतून वाफ धरलीय… आत कोणीतरी आहे. आहे. डोकं हललं. हललं गं, मी बघितलं.

नाही, तू ओरडू नकोस, मी जाते. मी जातेच आहे. चपला घरातल्याच आहेत, असू देत.

हॅलो? खरखरतंय, हा दुकानातला बिनतारी फोन टाकीच्या पुढे चालत नाही. मी बोलत राहते, तुला ऐकू आलं नाही तरी बोलत राहते. तू ठेवू नकोस. काही झालं तरी ठेवू नकोस.

ओपल, दारातच उभी राहा. पुढे येऊ नकोस.

गार्थ.

गार्थ, मी आहे. व्हर्ला आत्या. उजव्या बाजूने येतेय, दचकू नकोस. हातात फक्त फोन आहे.

काच खाली घे.

गार्थ, माझे पाय भिजलेत. या वयात मला न्यूमोनिया झाला तर माझी सेवा तुलाच करावी लागेल. काच खाली घे.

नाही घेत. बरं. मग असंच ऐक, काचेतून. मला आवाज आहे, सगळ्या गावाला माहीत आहे.

मला कळलंय काय झालं. कोलीनने सांगितलं. कुत्रं, काडतूस, दोन बाजूंना दोन पहारेकरी, सगळं. तिला तुझ्याशी बोलायचंय. ती रस्त्यात आहे, गाडी चालवतेय, तेव्हा तू तिला आता आणखी घाबरवलंस तर तीच कुठेतरी जाऊन आदळेल. तेव्हा निदान तिच्यासाठी त्या रायफलवरचा हात काढ. आणि माझ्याकडे बघ.

माझ्याकडे बघ म्हटलं.

हां. असं.

कोलीन, त्याने बघितलं माझ्याकडे. ऐकू येतंय ना?… येतंय. थोडंथोडं येतंय म्हणते ती.

ऐक गार्थ. तू गप्प बसतोस म्हणून मी बोलते, नेहमीचंच आहे. त्यांनी तुला काढलं ते तू वाईट माणूस आहेस म्हणून नाही. त्यांना तू कसा आहेस ते माहीतच नाही. त्यांच्या कागदावर एक ओळ आहे, तिच्यात बसलं ते बाहेर. तिथे तू असतास, मी असते, पाद्री असता, तरी तेच. त्या लोकांचं मत धरून तू स्वतःची किंमत ठरवणार? ज्यांना दार उलटं लावलं की सुलटं तेही कळत नाही?

काय म्हणालास?

मोठ्याने बोल, काच मध्ये आहे.

सगळे बघत होते. हो. मला माहीत आहे. अख्खी पाळी बघत होती आणि एकानेही तोंड उघडलं नाही. ज्यांच्या बंदुका माझ्या दुकानात आहेत, त्यांच्यातल्याही एकाने नाही. तीन वाजता येतील ना न्यायला. येऊ देत. प्रत्येकाला विचारते, तेव्हा तुझी जीभ कुठे होती. उत्तर मिळेपर्यंत बंदूक देणार नाही, मग अंधार पडो.

हसलास का?… नाही हसला. मला वाटलं.

गार्थ, मी आज एक चूक केली. तुला शर्टावर बघितलं आणि रायफल दिली. या हाताने दिली. तुझं तोंड बघितलं नाही, रोलरचा रंग बघितला आणि दिली. ती मला परत हवी आहे. मी कधी दिलेलं परत मागत नाही, तुला माहीत आहे. आज मागतेय. तू आज काही केलंस तर उरलेला जन्म मला हा हात बघत काढावा लागेल, आणि मला नाही ते जमणार. कोलीनला नाही जमणार. हॅटीचं तर नावही घेत नाही मी. ती आठ वर्षांची पोर आहे, तिच्या पदरात तू काय टाकून जाणार आहेस?

नाही, ओझं नाहीस तू. कोण म्हणालं ओझं?… तू म्हणतोस. तुझं तू म्हणतोस. भावाचं ओझं वाहिलंस, दुकानाचं दार बसवून दिलंस, पैसे घेतले नाहीस, आणि आता दुसऱ्यांनी तुला जरा उचललं तर ते ओझं. हा कुठला न्याय?

कोलीन, तू बोल त्याच्याशी. मी काचेला फोन लावते. मोठ्याने बोल. रड, शिव्या दे, काहीही कर, तुझा आवाज पोचू दे.

………

ऐकलंस?

ऐकलंस ना? ती रडत नाहीये बरं का, ओरडतेय. आमच्या घरच्या बायका अशाच, प्रेम आलं की ओरडतात. तुला लग्नाआधी सांगितलं होतं मी.

हां. काच. अजून थोडी. एवढीशी नको, माझा हात जाईल एवढी.

आता ती पिशवी. काडतूस दे. आधी ते… कुठे आहे?… रायफलीत घातलंय.

बरं. काही हरकत नाही. घाई नाही कोणालाच. तू सवयीने करतोस ते कर, नळी खाली, पायांपासून लांब. लहानपणी आमच्या बाबांनी मला असंच शिकवलं होतं, तुलाही त्यांनीच शिकवलं असतं. आता कडी मागे खेच… हं. बाहेर पडलं. उचल आणि माझ्या हातावर ठेव.

ठेव, गार्थ.

ठेवलं. कोलीन, ठेवलं त्याने. माझ्या मुठीत आहे. केवढंसं आहे गं हे. आणि गंजलेलं.

आता रायफल. दस्ता माझ्याकडे. दार उघड, काचेतून निघणार नाही ती… असं. दे. सोड… मी धरलीय, तू सोड.

सोड रे बाळा.

हॅलो? कोलीन? आहेस ना?… ऐक. दिली. दोन्ही दिलं. ऐकतेस का, दोन्ही माझ्याकडे आहे. रिकामी आहे, मी बघितली उघडून… ओरडू नकोस आता, रस्त्याकडे बघ.

काडतूस एप्रनच्या खिशात. रायफल बर्फात टाकली. हो, बर्फात, बाबांची रायफल. बाबा वरून मला शिव्या घालत असतील, घालू देत.

तो बसलाय. दार उघडं आहे, पाय बाहेर, तोंड दोन्ही हातांत. शर्टावरच आहे ना मेला… ओपल, माझा कोट आण. आतला मोठा. आणि ते पोलीस आले तर त्यांना सांग, भोंगा बंद करून या… हो, तशीच ये, रोलरसकट.

नाही गं, त्याला फोन देता येणार नाही आत्ता. त्याच्याच्याने धरवणार नाही. तू इथेच ये, थेट, हॅटीच्या शाळेला मी ओपलकडून कळवते. मी हलत नाही इथून. तो इस्पितळात जाईल, तू आलीस की आपण तिघंही जाऊ. मी विचारणार नाही त्याला, येतोस का म्हणून. नेणारच.

काय?

हो. आहे. श्वास घेतोय, रडतोय, जिवंत आहे. आता मोठ्याने रडायला लागलाय, तुला ऐकू येतंय का?… येतंय ना. रडू दे.

कोलीन, मी ठेवते फोन… नाही, काही झालेलं नाही, खरंच सांगते. ठेवते म्हणजे खाली ठेवते.

मला दोन्ही हात लागणार आहेत.